एकवीस दिवस मुके, एकवीस दिवस बोलके

२ फेब्रुवारी १९९७, रविवार

आज सकाळी मी यशोधरेला कडेवर घेऊन घरातल्या एकेका वस्तूपुढे उभा राहिलो आणि तिला त्या वस्तूचं नाव सांगितलं. पाटा, वरवंटा, कंदील, खुंटी, छत्री, कोयता. म्हैस धरून एकूण त्रेचाळीस वस्तू झाल्या. प्रत्येक नाव तीनदा घेतलं. ती दर वेळी माझ्या तोंडाकडे फार लक्ष देऊन बघत होती. म्हशीला बघून हसली. बोलली नाही.

ऑक्टोबरात तिला दोन वर्षं पुरी झाली. अजून एक शब्द नाही. माझी मुलगी प्रज्ञा संगमनेरला डी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते, म्हणून तिची ही पोर आमच्याकडे. जावई चेतन आणि त्याची आई झुंबरबाई केडगावला असतात. गेल्या महिन्यात विहीणबाईंचा निरोप आला, की आई जवळ नाही म्हणून पोर मुकी राहिली. मे संपेपर्यंत बोलली नाही तर प्रज्ञाने शिक्षण सोडून घरी यावं. निरोप चेतनच घेऊन आला होता. सांगताना तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता.

ही वही सूर्यभान गुरुजींनी दिली. रोज लिहून ठेवायला गोरक्षने सांगितलं. माझ्या ह्या दोन मित्रांचं एकमत झालेली ही माझ्या माहितीतली एकच गोष्ट.

दुपारी अंगणात बँडची तालीम होती. मी मोठा ड्रम वाजवतो, सव्वीस वर्षं झाली. बारा माणसं, तीन ट्रंपेट, आणि लिंबाखाली गोधडीवर यशोधरा झोपलेली. सगळा बँड वाजला, पोर हलली नाही. ट्रंपेटवाला म्हणाला, "सहादूभाऊ, बँडवाल्याची नात शोभती!" मला अभिमान वाटला. त्यावरूनच वादाला तोंड फुटलं.

गुरुजी म्हणाले, "बघितलंस सहादू? नव्या गोष्टीला माणूस दचकतं. ही दचकली नाही. म्हणजे बँड तिला नवा नाही. म्हणजे बँडचं ज्ञान ती जन्मताच घेऊन आली. भाषाही तशीच आत असणार. आपण वरून बडबड करून ती दाबून टाकतो."

गोरक्ष म्हणाला, "आत काय पेटी ठिवलीया का? प्रज्ञा पोटुशी हुती तवा ह्याच अंगणात बसून तांदूळ निवडायची. पोरीनं पोटातनं ऐकलंय, सवय झाली. पोर म्हंजे कोरी पाटी. वरनं जे पडंल ते उमटंल."

"दोन आणि दोन चार, हे तू कुठं पाहिलंस?"

"बाजारात. दोन शेळ्या अन् दोन शेळ्या. मोजल्या, चार भरल्या."

"आणि दोन कोटी अन् दोन कोटी?"

"तेवढ्या शेळ्याच न्हाईत."

मला दोघांचंही पटलं. हा माझा जुना दोष आहे.

९ फेब्रुवारी

ठरलं. आधी एकवीस दिवस गुरुजींच्या पद्धतीने, मग एकवीस दिवस गोरक्षच्या. ज्याच्या पाळीत पोर बोलेल त्याचं खरं.

दोघांविषयी लिहून ठेवतो. गुरुजींनी पस्तीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाल्यापासून बाजेवर असतात. त्यांचं म्हणणं, नीट विचार करणाऱ्याला उठायची गरज नसते. शेत वाट्याने दिलं आहे आणि तीन वर्षांत ते तिकडे फिरकलेले नाहीत. पाऊस, जमीन आणि वाटेकऱ्याचा स्वभाव यांवरून शेतात ज्वारी असणार हे ते सिद्ध करून दाखवतात. शेतात कांदा आहे.

गोरक्षने बावीस वर्षं ट्रक चालवला. गुवाहाटीपर्यंत गेला, त्यापुढचं जग तो मानत नाही. आपला जन्म झाला हेही तो पुरतं मानत नाही, कारण त्याने तो पाहिलेला नाही. मोटारीच्या वायरीत करंट आहे की नाही हे तो बोट लावून बघतो. परवा उडून पडला. उठून म्हणाला, "आता कळलं."

रात्री त्रिशरण म्हणताना मन लागेना. तथागत म्हणाले, मी सांगतो म्हणूनही मानू नका, तपासून बघा. धर्मांतराच्या साली मी दहा वर्षांचा होतो. वडिलांनी घरातले देव टोपलीत घालून नदीला सोडले. मी विचारलं, आता कुणाला विचारायचं? ते म्हणाले, "आता आपलं आपण बघायचं." तेव्हापासून मी बघतोच आहे. बघायचं कसं, ते विचारायचं तेवढं राहिलं.

११ फेब्रुवारी

मौनाचा दुसरा दिवस. दारावर गुरुजींनी खडूने लिहिलं आहे: "आत भाषा बंद आहे." बाहेरून शब्द पडले नाहीत तर आतले आपोआप वर येतील, उपसलेल्या झऱ्यासारखे, असं त्यांचं म्हणणं. बँड चालेल, कारण ती भाषा नाही.

कलेला, म्हणजे माझ्या बायकोला, हे जड जातंय. ती दुपारी शेजारी बनुबाईच्या अंगणात गेली आणि भिंतीवरून मला म्हणाली, "वैरण टाकली का न्हाई? मी आता शेजारनं बोलतीया. माझं तोंड तुमच्या घरात न्हाई." मी पाटीवर लिहून गुरुजींना विचारलं. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि उलट लिहून दिलं, की भिंतीपलीकडचं बोलणं परकं धरावं.

तेव्हापासून ती दिवसातून पाच वेळा परकी होते.

१६ फेब्रुवारी

घरात फार शांत आहे. पाणी हवं असलं की आम्ही ओंजळ तोंडाला नेतो. भाकरीला दोन तळवे थापटायचे. म्हशीला डोक्यावर दोन बोटं वाकडी. कला रागावली की कमरेवर हात ठेवते, ते आधीपासून होतंच.

यशोधरा इतकी आनंदात मी कधी पाहिली नव्हती. दिवसभर आमच्या हातांकडे बघते. आज तिने स्वतः दोन तळवे थापटले. कलेने लगेच भाकरी दिली. पोरीने ती खाल्ली नाही. भाकरीकडे बघितलं, आपल्या तळव्यांकडे बघितलं, आणि पुन्हा थापटले. कलेने दुसरी दिली. असं चार वेळा. चार भाकरी मांडीवर घेऊन ती राणीसारखी बसली होती.

आणखी एक. कला पोरीला कधी हाक मारत नाही. जवळ येऊन पाय आपटते, मग पोर वळते. ही सवय तिला दिवाळीपासून आहे. मौनामुळे आज माझ्या लक्षात आली. बायकांच्या काही सवयींना कारण नसतं.

२३ फेब्रुवारी

यशोधरेच्या पोटात दुखत असावं. मला बघितलं की दोन्ही मुठी पोटावर आपटते. शेतातून आलो की आपटते, सकाळी उठलो की आपटते. मी ओव्याचं पाणी पाजलं. तिने तोंड वाकडं केलं, पण प्यायली. मग माझ्याकडे बघून पुन्हा मुठी आपटल्या. पुन्हा पाजलं.

२ मार्च

गुरुजींची मुदत संपली. पोर बोलली नाही, पण तिच्या हाताच्या एकोणीस खुणा झाल्या. गुरुजी म्हणाले, "ज्ञान वर आलं. फक्त तोंडाच्या रस्त्याने न येता हाताच्या रस्त्याने आलं. रस्ता चुकला, ज्ञान नाही."

गोरक्ष म्हणाला, "हातवारे माकड बी करतंय गुरुजी. शब्द कुठाय, शब्द?"

"शब्द म्हणजे ज्ञानाचा सदरा."

"मंग तुमची पोर उघडीच हाय की!"

दोघे संध्याकाळपर्यंत भांडले. दारावरचा खडू कलेने शेणाने सारवून टाकला आणि दोन तास सलग बोलली. मी ऐकत बसलो. बरं वाटलं.

१० मार्च

गोरक्षची पाळी सुरू. एक वस्तू, एक शब्द, आणि वस्तू अंगाला लागली पाहिजे. मिरची जिभेला. डिझेल नाकाला. सुप्याच्या बाजारातून आणलेला बर्फ गालाला. हात हलवायचे नाहीत, त्याने मेळ चुकतो. म्हणून बोलताना आम्ही हात पाठीमागे धरायचे. गोरक्ष स्वतः उपरण्याने हात मागे बांधून घेतो आणि "मिरची! मिरची!" असं ओरडतो. त्याच्या बायकोला वाटलं त्याला चोरांनी बांधलं.

आज त्याच्या मित्राचा ट्रक दारात आणला. पोरीला बोनेटला टेकवून उभं केलं आणि हॉर्न दिला. मी जागच्या जागी उडालो. बनुबाईच्या कोंबड्या छपरावर गेल्या. यशोधरेने दोन्ही तळवे बोनेटवर ठेवले आणि हसू लागली. हॉर्न थांबला की हात काढायची, सुरू झाला की ठेवायची.

"बघा," गोरक्ष म्हणाला, "अनुभवाशिवाय मजा न्हाई."

२० मार्च

पोर चिडचिडी झाली आहे. तोंडाकडे बघून बघून दमते. गोरक्ष "ट्रक कुठाय?" विचारतो, ती त्याच्या ओठांकडे बघते, मग दातांकडे, मग रडते. काल त्याला चावली. त्याने वेळ लिहून घेतली.

आज दुपारी ती माझ्या पाठीमागे आली आणि मागे धरलेले माझे हात ओढून पुढे आणायला लागली. बोटं एकेक करून सोडवत होती. मी हात दिले नाहीत. नियम होता.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

२८ मार्च

कलेने आज गोरक्षचा प्रयोग बंद केला. एकोणिसावा दिवस होता. गोरक्ष चिंचेचा कोळ घेऊन आला. ती चौकटीत उभी राहिली.

"भावजी, कोळ आमटीत घालते. तुमी घरी जावा."

"वहिनी, दोन दिस राहिल्यात. आता थांबलं तर निकाल रद्द हुईल."

"हुं द्या. आन् तुमी," माझ्याकडे वळून म्हणाली, "हात म्होरं आना आधी."

मी आणले. यशोधरेने ते दोन्ही हातांत धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

१४ एप्रिल, सोमवार

जयंतीची मिरवणूक झाली. बँड चांगला वाजला. आज आणखी काही लिहायचं नाही.

१७ एप्रिल

लिहितो. मिरवणूक चौकात थांबली होती. कला यशोधरेला घेऊन उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभी होती. पोरं सुतळी बॉम्ब लावत होती. एक त्यांच्या अगदी मागे, दहा-बारा हातांवर फुटला. मी समोरून बघत होतो. कलेच्या हातातून पेला पडला. रसवाला खाली बसला. गोरक्ष, जो कशालाच घाबरत नाही, तो "आयला!" म्हणून उडाला. कडेवरची यशोधरा रसाचा पेला दोन्ही हातांनी धरून पीत होती. तिने पापणी हलवली नाही. कला हलली, म्हणून पोरीने वर बघितलं, कलेच्या तोंडाकडे. मागे नाही.

माझे तीन ठोके चुकले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. ट्रंपेटवाल्याने वळून बघितलं.

१९ एप्रिल

गुरुजींच्या पद्धतीने विचार करून बघितला. पोर धीट असेल. किंवा रसात गुंगली असेल. किंवा बँडमुळे तिचे कान मोठ्या आवाजाला सरावले असतील. तिन्ही बरोबर वाटतात. एकावरही विश्वास बसत नाही.

गोरक्षच्या पद्धतीने बघायचं तर फार सोपं आहे. तिच्या मागे जाऊन एक थाळी वाजवायची. सकाळपासून ती थाळी मी तीनदा हातात घेतली. एकदा त्यात कांदे चिरले, एकदा ती घासून ठेवली, एकदा नुसतीच परत ठेवली.

मी वाजवली नाही, तोवर ते झालेलं नाही. असं माझं चाललं आहे.

३० एप्रिल

प्रज्ञाचं पत्र आलं. "बाबा, सासूबाई पंचवीस मेला तुमच्याकडे येणार आहेत. यशो 'आजी' म्हणाली तर ठीक, नाही तर तिला आणि मला घेऊन जाणार. दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायला तीस मेपर्यंत मुदत आहे. भरू का नको? चेतन काही बोलत नाही. ती काही तरी बोलते का हो बाबा? एखादा तरी शब्द?"

मी उत्तर लिहायला बसलो. "यशोधरा मजेत आहे" एवढं लिहिलं. पुढे जमेना. पोस्टात टाकलं नाही.

प्रज्ञा लहानपणी कंदिलाच्या काचेला नाक लावून वाचायची. आमच्या वस्तीतली मास्तरीण होणारी ती पहिली. हे मला कुणी सिद्ध करून सांगायची गरज नाही.

७ मे

लग्नाच्या तारखा सलग आहेत. वाजवतो, झोपतो. थाळी मांडणीवर आहे.

१८ मे

आज वाजवली. थाळी नाही, ट्रंपेट. ड्रम किंवा थाळी वाजली की हादरा बसतो आणि पोरीला तो अंगातून कळतो, हे ट्रकच्या वेळी मी पाहिलेलं मला आज आठवलं. म्हणून ट्रंपेटवाल्याकडून ट्रंपेट मागून आणली. मला ती वाजवता येत नाही.

यशोधरा लिंबाखाली बसून एका हातातली माती दुसऱ्या हातात ओतत होती. मी चपला काढून तिच्या मागे चार हातांवर जाऊन उभा राहिलो. सावली तिच्यावर पडणार नाही असं बघितलं. मनात त्रिशरण म्हटलं. मग जीव एकवटून फुंकलं.

तो आवाज कसा होता ते मला सांगता येणार नाही. लिंबावरचे कावळे उठले. म्हशीने दावं तोडलं. बनुबाई "काय जळालं? काय जळालं?" म्हणत पाण्याची कळशी घेऊन भिंतीशी आली. मी पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदा फुंकलं तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. ते फुंकण्यामुळेही असेल.

यशोधरेने डाव्या हातातली माती उजव्या हातात ओतली. मग उजव्यातली डाव्यात.

कला दारात उभी होती. तिने म्हैस धरली नाही, बनुबाईला उत्तर दिलं नाही.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"दिवाळीपास्नं. फटाक्यात झोपली हुती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले आसते तर केडगावकरांनी त्याच दिशी प्रज्ञाला घरी बसवलं आसतं. आन् तुमी इचारलं कुठं? तुमी तिगं इचार करीत हुता."

मी ओसरीवर बसलो. पोरीने मला बघितलं, मातीचे हात झाडले, धावत आली आणि दोन्ही मुठी पोटावर आपटल्या. मी सवयीने कलेला म्हणालो, ओवा आण.

कला खाली बसली. म्हणाली, "अवं, त्ये तुमचं नाव हाय. तुमी ड्रम वाजवता न्हवं? फेब्रुवारीपास्नं पोर तुमाला हाका मारतीया आन् तुमी तिला ओवा पाजताय."

२० मे

गुरुजी आणि गोरक्षला सांगितलं. गोरक्षने टोपी काढली. मग गुरुजी हळूच म्हणाले, "पण सहादू, बघ. कानातून काहीच आत गेलं नाही, तरी पोरीने तुझं नाव पाडलं. म्हणजे ज्ञान आतच होतं."

गोरक्ष म्हणाला, "आन् ड्रम डोळ्यानं बघितला न्हवं तिनं? बघितला म्हणून नाव पडलं. कानाचं दार बंद, म्हणून शब्द न्हाई. सरळ हिशेब हाय. माझंच खरं."

"नाव पाडायची बुद्धी कुठून आली? ती दिसते का?"

"ड्रम दिसतोय!"

माझ्या ओसरीवर, माझ्या नातीवरून दोघेही जिंकले होते. मला त्या दोघांचं आजही पटलं असतं. पण पहिल्यांदाच मी तिथून उठून गेलो. कला मागून त्यांना म्हणाली, "चहा ठिवलाय. कान पोरीचे गेलेत. तुमचं काय गेलंय त्ये तुमी हुडका."

२२ मे, बुद्ध पौर्णिमा

सकाळी विहारात बसलो. कला यशोधरेला घेऊन शेजारी. सगळे वंदना म्हणत होते. पोर आळीपाळीने सगळ्यांच्या ओठांकडे बघत होती आणि आपलेही ओठ हलवत होती. आवाज नव्हता. बाकी सगळं होतं.

मी कालपासून काय करतोय ते मला तिथे बसल्यावर दिसलं. रविवारी केडगावकर येणार. तेव्हा मी काय सांगायचं, हे जुळवत होतो: पोर थोडी उशिरा बोलेल, गुणी आहे, एकोणीस खुणा येतात. प्रज्ञाचा फॉर्म तीस तारखेपर्यंत कसा तरी भरून होईल आणि मग बघू. विहीणबाई, चेतन आणि प्रज्ञा, तिघांनाही थोडं थोडं खोटं सांगितलं की सगळं बसत होतं. वडील म्हणाले होते, आपलं आपण बघायचं. बघितलेलं सांगायचंही, हे त्यांनी वेगळं सांगितलं नव्हतं. त्यांना ते सांगायची गरज वाटली नसावी.

विहारातून येताना गोरक्ष भेटला. दोन्ही कानांत कापूस आणि वर मेण. ऐकू न येणं म्हणजे काय ते बघतोय म्हणाला, म्हणजे ओरडला. कालपासून तसाच आहे. सकाळी टेम्पोखाली येता येता वाचला. "सहादूभाऊ," तो रस्ताभर ऐकू जाईल असं म्हणाला, "लई वाईट हाय रं! मी पोरीपुढं हात बांधाय नको हुते!" मी त्याला हाताने खूण केली, की घरी ये, चहा घे. ती त्याला लगेच कळली.

गुरुजींच्या घरावरून गेलो. बाज रिकामी होती. त्यांची सून म्हणाली, "मामंजी शेतात गेलेत. तीन वर्षांनी. काल कांदा बघून आले, आज परत तिकडंच जाऊन बसलेत."

उद्या नगरला जायचं. रविवारची वाट बघायची नाही.

२३ मे, शुक्रवार

सकाळच्या एसटीने कला, यशोधरा आणि मी सुप्याहून नगरला गेलो. कानाच्या डॉक्टरांनी पोरीला बंद खोलीत बसवून तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढले. खोलीला काच होती. पोर आतून आम्हाला बघून भाकरी, म्हैस, पाणी सगळं करून दाखवत होती. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नाही, बहुधा जन्मापासून. पुण्याला मशीनवर आणखी एक तपासणी होईल. कानाचं यंत्र लावून बघता येईल, पण फार आशा धरू नका. मग काचेतून तिच्याकडे बघत विचारलं, "ह्या खुणा कोणी शिकवल्या?" मी सांगितलं, कोणीच नाही, आम्हाला एकवीस दिवस बोलायची मनाई होती. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. म्हणाले, हेच चालू ठेवा. चार वर्षांची झाली की अशा मुलांची शाळा आहे, तिथे घाला. आईला हे शिकता आलं तर फार बरं.

मी म्हणालो, तिची आई मास्तरीण होणार आहे.

परतताना मी केडगावला उतरायचं म्हणालो. कलेने माझ्याकडे बघितलं आणि पिशवी उचलली.

विहीणबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. चेतनची सुट्टी होती, तो घरीच होता. "इवाई, आज कसं काय? आमी परवा येनारच हुतो. पानी घ्या आधी," त्या म्हणाल्या.

मी पाणी घेतलं नाही. घेतलं असतं तर जुळवलेलं सगळं आठवलं असतं. उभ्या उभ्या सांगितलं की यशोधरेला ऐकू येत नाही, जन्मापासून. आजच तपासलं. ती 'आजी' म्हणणार नाही, परवाही नाही आणि पुढेही बहुतेक नाही. यात प्रज्ञाचा काही दोष नाही. ती रात्रंदिवस जवळ बसली असती तरी हेच झालं असतं.

विहीणबाईंच्या हातातली शेंग फुटायची राहिली. "कवापास्नं म्हाईत हाय तुमाला?"

"हिला दिवाळीपासून. मला चौदा एप्रिलपासून. डॉक्टरांना आज दुपारपासून."

"आन् आमाला आत्ता?"

"हो. चुकलं. आधी सांगायला हवं होतं."

त्यांनी हातातली शेंग फोडली. मग म्हणाल्या, "मंग तर प्रज्ञा घरीच पायजे. आसल्या पोरीला आई लागती."

"असल्या पोरीला शिकलेली आई लागते," मी म्हणालो. "प्रज्ञा दुसरं वर्ष करणार. तोवर पोर आमच्याकडे राहील. पुण्याला मी नेईन. तुम्हाला राग आला तर माझ्यावर काढा."

मी आयुष्यात विहीणबाईंशी इतकं बोललो नव्हतो. आवाज ड्रमवाल्याचा आहे, तो लहान काढता येत नाही. शेजारची दोन माणसं कुंपणाशी आली.

चेतन उठला. त्याने पोरीला घेतलं नाही, खाली तिच्यासमोर बसला. कलेला विचारलं, "वडलांना काय म्हणायचं, ते ठरलंय का तिचं?" कला म्हणाली, "तुमी लई दिस आला न्हाई. ठरवंल आता." पोर त्याच्याकडे बघत राहिली. तो तिच्याकडे. विहीणबाई शेंगा तशाच ठेवून आत गेल्या. चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. हो म्हणाल्या नाहीत, जा असंही म्हणाल्या नाहीत.

मी चेतनला विचारलं, इथे पोस्टाची पेटी कुठे आहे. तो स्वतः दाखवायला आला. दुकानातून अंतर्देशीय घेतलं आणि पेटीवरच ठेवून लिहिलं:

"प्रज्ञा, यशोधरेला ऐकू येत नाही. आज तपासून घेतलं. ती बोलते, पण हातांनी. तू आलीस की तुला शिकवू, महिनाभरात येईल. सासूबाईंना मी सगळं सांगून टाकलं आहे. तू फॉर्म भर."

चेतनने ते वाचलं. माझ्या हातातला पेन घेऊन खाली सही केली. मग मी पत्र पेटीत टाकलं.